भागिरथीबाईंची बेचाळीस माणसं

सोनईत भागिरथीबाईंच्या घरी गेलेला माणूस उपाशी परत आला, असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. मीटर वाचायला आलेला वायरमन असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार असो, बाई आधी त्याच्या पोटाकडं बघतात आणि मग तोंडाकडं. वय सत्त्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण भाकरी थापायला बसल्या की अजून सुनेला परातीजवळ फिरकू देत नाहीत. आणि का देतील? वसतिगृहात बावीस वर्षं साठ पोरांचा स्वयंपाक केलेली बाई ती. तिथं शिकून गेलेल्यांपैकी कुणी आज तलाठी आहे, कुणी प्राध्यापक, एकजण तर दुबईला. बाईंना त्याचं काही नाही. हा वांग्याला नाक मुरडायचा आणि तो तीन भाकरी खाऊन चौथी खिशात घालायचा, एवढीच त्यांच्या लेखी त्यांची ओळख. माझ्या हाताखालून गेलेलं एकही पोर उपाशी झोपलं नाही, हे त्या चारचौघांत छाती पुढं काढून सांगतात. ऐकणाऱ्याला गर्व वाटला तर वाटो. गर्वच आहे तो, आणि तो त्यांनी कमावलेला आहे.

तर अशा बाईच्या सख्ख्या नातीची वस्ती अन्नावाचून मरत होती.

नात म्हणजे दीपा, बाईंचा मुलगा भीमराजगुरुजी यांची थोरली लेक. पुण्यात मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. शनिवारी शिंगणापूरच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो म्हणून ती शुक्रवारीच संध्याकाळी येऊन पोचली. चेहरा उतरलेला, ताटातलं बोटानं इकडचं तिकडं करत बसलेली. बाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या तशा बघण्यापुढं भलेभले बोलते होतात. पोरीनं लॅपटॉप आणला आणि आजीच्या पुढ्यात उघडला.

पडद्यावर एक वस्ती होती. कुठल्याच इतिहासात न बसणारा, मनानं रचलेला आदिम काळ. कातडी नेसलेली माणसं, हाडाचे भाले, गवताच्या खोपी, डोंगरात दोन तोंडांचा रेडा आणि माणसांसारखी बोलणारी झाडं. वस्तीत माणसं बेचाळीस. रेडा दुसऱ्यानं केला होता, झाडं तिसऱ्यानं. दीपाकडं एकच काम होतं, ही बेचाळीस माणसं खातात काय ते ठरवायचं. तिच्या एकटीच्या नावावर मिळालेलं हे पहिलंच काम. आणि दोन महिने झाले, काहीही केलं तरी तिसरा पावसाळा यायच्या आत वस्ती मरत होती. सोमवारी साहेब लोकांना ती जगलेली दाखवायची, नाहीतर काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं.

दोन तोंडांच्या रेड्याबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नाही. झाडं बोलतात म्हटल्यावर बोलू देत म्हणाल्या. पण बेचाळीस माणसं एकापाठोपाठ आडवी झालेली बघितली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि शेजारणीच्या सुनेचे दोष काढावेत तशी वस्तीची झडती सुरू केली. पाणी कुठून आणतात? दळतं कोण? चैत्र-वैशाखात रानात काही नसतं तेव्हा काय खातात? दीपा सांगत गेली. शिकारी शिकार आणतात, शिकार आली की सगळे खातात.

"आन न्हाई आली तर?"

तर थांबतात, असं दीपा म्हणाली. बाईंनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं डोळे खाली घातले.

शनिवारी सकाळी, रस्त्यावर हॉर्न वाजत असताना, बाईंना खरी खोट सापडली. इतका वेळ त्या पडद्यावरचे एकेक चेहरे निरखत होत्या. या वस्तीत म्हातारी माणसं कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. दीपा जरा चाचरली. पहिल्यांदा होती, मग काढून टाकली. खातात, पण काम करत नाहीत, हिशेबात बसेनात.

आता सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईसमोर असं बोलावं? सून स्वयंपाकघरातून डोकावली आणि परत आत गेली. भीमराजगुरुजींनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. बाई मात्र चिडल्या नाहीत. चिडण्याच्याही पलीकडं गेल्या होत्या. शांतपणे त्यांनी विचारलं, पाऊस पडल्यावर रानात जे हिरवं उगवतं, त्यातलं खायचं कुठलं आणि गुरालासुद्धा घालू नये असं कुठलं, हे तुझ्या त्या भालेवाल्यांना कोण सांगणार? घोळ कुठली, पाथरी कुठली, कुर्डूची भाजी कोवळी असतानाच का खुडायची? बी किती ठेवायचं आणि किती खायचं, हे पंचवीस वर्षांच्या गड्याला भुकेच्या वेळी कळतं का? तुझी माणसं भुकेनं मरत नाहीत बाई, माहीत नसल्यामुळं मरतात. अन्न त्यांच्या पायाखाली आहे.

दीपा हुशार पोरगी. आजीचं नाक असं वर असलं तरी तिचं काही चुकत नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं दुपारपर्यंत बसून वस्तीत पाच म्हाताऱ्या आणि दोन म्हातारे घातले, तेवढेच भालेवाले कमी केले. रानात भाज्या उगवल्या. म्हाताऱ्या ओळखायच्या, बाकीचे खुडायचे. वस्ती पहिल्यांदाच तिसऱ्या वर्षात गेली. बाईंनी सुनेला हाक मारून दाखवलं. मग त्या खेळातला दुष्काळ आला, रान वाळलं आणि माणसं पुन्हा आडवी व्हायला लागली.

"थांब आजी, घाबरू नको," दीपा म्हणाली. "यासाठी मी एक युक्ती करून ठेवली आहे. अगदी शेवटचा उपाय."

तिनं एक बटण दाबलं. वस्तीतला एक माणूस उठला. त्यानं टोपली घेतली, हातात काठी घेतली आणि टेकडीपलीकडच्या मोठ्या गावाकडं निघाला. तिथं तो घरोघरी दारापुढं, पायरीच्या खाली उभा राहायचा. घरातलं कुणीतरी बाहेर यायचं आणि उरलंसुरलं वरून त्याच्या टोपलीत टाकायचं. टोपली भरली की तो परत यायचा आणि वस्ती खायची. दीपाला या युक्तीचं फार कौतुक होतं. किती छान हलतोय बघ, असंही ती म्हणाली.

भागिरथीबाई उठल्या. गुडघ्याला हात न लावता उठल्या, आणि मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

दीपाला काही कळेना. तिनं बापाकडं बघितलं. गुरुजींचं वर्तमानपत्र खाली आलं होतं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, पण त्यांनी लेकीकडं बघायचं टाळलं. शेवटी ते अंगणात गेले आणि हळूच म्हणाले की आई, तिला माहीत नाही. मीच कधी सांगितलं नाही. पोरांनी मान ताठ ठेवून वाढावं, एवढंच माझ्या मनात होतं.

"तेच चुकलं," बाई म्हणाल्या. "आपन मागनं सोडलं, ते पोरीला सांगायचं ऱ्हायलं. म्हून तिनं पुन्यांदा मागायला लावलं."

त्या दुपारी बाई जेवल्या नाहीत. त्यांनी दीपाला अंगणात बोलावलं, लिंबाच्या सावलीत समोर बसवलं आणि पासष्ट-सत्तर वर्षांत कुणालाच सगळं असं न सांगितलेलं सांगायला सुरुवात केली.

त्यांचं माहेर सोनईपासून फार लांब नाही. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण त्या गावची आजची पोरं बाईंना वाकून नमस्कार करतात, आणि आजोबांनी केलेलं नातवांच्या माथी मारणं बाईंना पटत नाही. बाईंचे वडील सहादू हे तिथले येसकर. गावाची वेस राखायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढून न्यायचं आणि त्या बदल्यात संध्याकाळी टोपली घेऊन घरोघर भाकर मागायची. काठीला घुंगरं असायची, म्हणजे कोण आलंय ते आधीच कळावं. सात-आठ वर्षांची भागिरथी बापाच्या मागं कालवणाचं मडकं धरून चालायची. आमटी, ताक, आंबलेली भाजी, सगळं त्या एकाच मडक्यात पडायचं. भाकरी हातात कुणी देत नसे, वरून टाकायचे. एखादी टोपलीबाहेर पडली तर कुत्र्याच्या आधी उचलावी लागायची.

"आन तुला खरं सांगू का?" बाई म्हणाल्या. "मला ती भाकर ग्वाड लागायची. भूक हुती ना. त्याचीच मला लाज वाटती, आजवर."

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली आणि पुढच्या वर्षी बाईंच्या माहेरच्या वस्तीनंही धम्म घेतला. त्याच संध्याकाळी सहादूनं घुंगराची काठी गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. बाईंच्या आईनं, तान्हाबाईनं, त्या जाळावर घरातल्या शेवटच्या पिठाच्या भाकरी केल्या. गावात निरोप गेला की आजपासून येसकर येणार नाही.

मग गावानं वस्तीला काम देणं बंद केलं. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना, बांधावर पाय ठेवू देईनात. आठ दिवसांत टोपली घेऊन परत येतील, असं गावात पैजेवर बोललं जात होतं.

"किती दिवस चाललं?" दीपानं विचारलं.

"सात म्हैने. एकोनीस घरं हुती. एक बी मानूस मेलं न्हाई. एक बी मानूस टोपली घिऊन गेलं न्हाई."

हे सांगताना त्यांनी हनुवटी वर केली. वसतिगृहातल्या साठ पोरांबद्दल सांगताना करतात ती ही हनुवटी नव्हती. पोरीनं आजीला इतकी वर्षं बघितलं होतं, पण हा चेहरा तिला नवीन होता.

मग कसं जगलात, हे दीपानं विचारलं तेव्हा तिच्या हातात वही होती. आणि बाई सांगत गेल्या. सगळ्यात आधी मूठ. दाणे जात्यात पडायच्या आधी प्रत्येक घरातून एक मूठ वस्तीच्या रांजणात जायची. उरलेल्यातली मूठ नव्हे. उरलेलं द्यायचं नाही, पहिलं द्यायचं, असा तान्हाबाईचा कायदा होता. ज्या घरात दाणाच नाही त्या घरानं मूठभर सरपण आणायचं, पण रिकाम्या हातानं रांजणापाशी यायचं नाही, म्हणजे घेताना कुणाची मान खाली जायला नको. रखमा म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. पोरी ओढ्याकाठून जे खुडून आणतील ते ती चोळून हुंगायची आणि ठेव किंवा फेक म्हणायची. सात महिन्यांत तिचं एकदाही चुकलं नाही. गडी माणसं लांब कालव्याच्या खोदाईवर गेली, आठवड्यानं डोक्यावर धान्य घेऊन यायची. मोकळ्या माळावर उंदरांनी बिळांत कणसं भरून ठेवलेली असत, ती पोरं खणून काढत.

"पर निम्मीच," बाई म्हणाल्या. "निम्मी त्याला ठिवायची. त्यानं बी पुढल्या साली साठवाय नको का?"

आणि चूल एकच. एकोणीस घरांचं एकाच हंड्यात शिजायचं. आधी पोरं, मग म्हातारी, मग कामावरून आलेले. वाढणाऱ्या बाया सगळ्यात शेवटी, आणि त्यांच्यासाठी काही उरतंय का, हे बघायला दोन गडी शेजारी बसलेले. नाहीतर बाया म्हणायच्या जेवलो आणि उपाशी झोपायच्या. ही लबाडी तान्हाबाईनं पहिल्याच आठवड्यात पकडली होती, कारण ती स्वतःच ती करत होती.

सात महिन्यांनी काय झालं? काही मोठं झालं नाही. ज्वारी काढायला माणसं मिळेनात, तेव्हा गावातलेच दोघं-तिघं वस्तीवर आले आणि रोजानं चला म्हणाले. तान्हाबाईनं सांगितलं, येऊ, पण मजुरी रोख, आणि भाकर आमची आमच्या फडक्यात.

दीपाची वही केव्हाच खाली पडली होती. ती रडत होती आणि ते लपवायच्या भानगडीत पडली नाही. थोड्या वेळानं ती आत गेली, लॅपटॉप आणला, आणि आजीच्या देखत ते बटण काढून टाकलं. टोपलीवाला माणूस पडद्यावरून नाहीसा झाला. बाईंनी विचारलं, सोमवारी वस्ती मेली तर? नोकरीत तुझं नाव जाईल. पोरगी म्हणाली की जाऊ दे, पण माझी माणसं मागणार नाहीत. ते "माझी माणसं" ऐकलं आणि बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग सुनेला हाक मारून त्यांनी ताट वाढायला सांगितलं.

रविवार सगळा कामात गेला. दीपा लिहायची आणि बाई शेजारी बसून हुकूम सोडायच्या. रांजण घातला, पहिल्या मुठीचा कायदा घातला. उंदराच्या बिळावरून वाद झाला. दीपाचं म्हणणं, निम्मं ठेवायची सक्ती खेळणाऱ्याला आवडणार नाही. बाई म्हणाल्या, काढू दे की सगळं, पुढच्या साली बीळ रिकामं सापडलं म्हणजे आपोआप आवडेल. वाढणाऱ्या बायांवर नजर ठेवायला बेचाळीसातलेच दोन गडी मात्र त्यांनी हट्टानं बसवायला लावले. गुरुजीसुद्धा खुर्ची ओढून बसले आणि पावसाळा किती आठवड्यांचा धरावा यावर बोलू लागले. त्या घरात इतकं मोकळं बोलणं बऱ्याच दिवसांत झालेलं नव्हतं. चार वाजता दीपाची गाडी होती, त्यामुळं दुष्काळापर्यंत वस्ती चालवून बघायला वेळच उरला नाही. बाईंनी तिच्याबरोबर बारा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. पुण्यात काय मिळत नाही का, असं पोरगी म्हणाली नाही, तिनं ते निमूट घेतलं.

सोमवारचा दिवस बाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मेथी निवडायला घेतली आणि निवडलेली परत न निवडलेल्यात मिसळली. दोनदा फोन उचलून बघितला, बंद तर पडला नाही ना. साडेबाराला तो वाजला.

"आजी, जगली," दीपा म्हणाली. "तिसरा पावसाळा गेला, दुष्काळ गेला. बेचाळीसच्या बेचाळीस आहेत."

बाईंनी सुनेकडं बघून बोटांनी चार आणि दोन दाखवले. पण फोनवर दीपाचं संपलेलं नव्हतं. ती म्हणाली, आजी, एक अडचण आली आहे, मी फोन मोठ्यावर टाकते, साहेब आणि सगळे इथंच बसलेत. मग तिनं सांगितलं. चौथ्या वर्षी घडायच्या गोष्टी कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवल्या होत्या. वस्ती आजवर तिथपर्यंत जगलीच नव्हती, म्हणून त्या कुणी बघितल्या नव्हत्या. आता वस्तीच्या कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहिला आहे. टेकडीपलीकडच्या मोठ्या गावचा. दोन तोंडांच्या रेड्यानं त्यांची कोठारं तुडवली, तो चार दिवसांचा उपाशी आहे. खेळ दोनच गोष्टी करू देतो. एक, त्याला हाकलून लावायचं. दोन, रात्रीचं उरलेलं कुंपणावरून टाकायचं. सगळे माझ्याकडं बघतायत. काय करू?

भागिरथीबाईंनी मेथी बाजूला ठेवली.

"दोनी बी न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला आत बोलव. हात धुवायला पानी दे. पंगतीत बसव, आपल्या मान्सांच्या मधी, कडंला न्हाई. आन तव्यावरची दे."

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. अदबीनंच बोलत होता. आजी, हे मोठ्या गावचे लोक, दुष्काळात यांनी वस्तीला काहीच दिलं नव्हतं. खेळणारे विचारतील की याला इतका मान कशासाठी?

"साहेब, उभ्यानं झेललेली भाकर कशी लागती ते मला ठावं हाय," बाई म्हणाल्या. "ती चव माझ्या वस्तीतनं कुनाला मिळनार न्हाई. तुमी तसं लिवा."

पलीकडून भरभर बटणं दाबल्याचा आवाज आला. भीमराजगुरुजी दारात येऊन उभे होते, त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. थोड्या वेळानं दीपा म्हणाली की आजी, आला आत. आपली माणसं सरकली आणि त्याला मधी जागा केली. साहेब विचारतायत, आता त्याचं नावगाव विचारायचं का?

"आधी जेवू द्या त्याला," भागिरथीबाई म्हणाल्या.